बातमीखालचा शेरा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आजारी होतो तेव्हा म्हणायचो, बरा झालो की लिहीन. बरा झाल्यावर म्हणायला लागलो, थोडी ताकद येऊ दे. मग घराला रंग द्यायचा होता, मग नातीची परीक्षा होती, मग ऊन फार होतं. नागपुरात ऊन ही सबब वर्षातले चार महिने तरी चालते. आताही दोनदा उठून फॅनचा वेग कमी-जास्त करून आलो आहे. एका जागी बसवत नाही.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल लिहितो आहे, कारण माझ्यासारखं कुणी घरात बसून मोबाईलवर उत्तरं शोधत असेल तर त्याला उपयोग व्हावा. पण आजाराबरोबर दुसरी एक गोष्ट आहे. ती वगळून आजार सांगितला तर ते अर्धी फाईल वर पाठवल्यासारखं होईल.

ग्रुप

पाटबंधारे खात्यात मी हेडक्लार्क होतो, म्हणजे बडेबाबू. निवृत्तीनंतरही आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, लोक त्याच नावाने हाक मारायचे आणि मला ते आवडायचं. ऑफिसात कुठलाही कागद माझ्या टेबलावरून शेरा मारल्याशिवाय वर जात नसे. समासात दोन ओळी. काम सुटलं, पण हाताची सवय सुटली नाही.

मुलाने फेसबुक शिकवलं आणि मी एका ग्रुपात शिरलो. नाव सांगत नाही. आरोग्यावरचं नवं संशोधन, कुठल्या औषधावर सरकारने बंदी घातली, कुठे नशेच्या गोळ्या पकडल्या, असा सगळा काला तिथे असायचा. सकाळी पेपर आला की मी गुन्ह्यांच्या पानाचा फोटो काढायचो, मजकुराभोवती लाल गोल करायचो आणि खाली शेरा लिहायचो. वर्षभरात मला ग्रुपचा ॲडमिन केलं. गुंगी आणणारी सगळी वेदनाशामकं दुकानांतून सरसकट बंद करा, असं मी वारंवार लिहिलं. कुणी म्हणालं की काही रुग्णांना त्यांची गरज असते, तर मी लिहायचो, "गरजेच्या नावाखालीच धंदा चालतो." त्याला भरपूर अंगठे मिळायचे.

हे सगळं लिहिताना माझ्या डाव्या गालात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू, चुना, पानठेलेवाल्याने प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दिलेली पुडी. तो मला नशा वाटत नव्हता. तो खर्रा होता.

तीन बोटं

आधी भाजीचं तिखट झोंबायला लागलं. बायको, मालती, म्हणाली, "तिखट तं तेवढंच आहे जी. तुमचं तोंडच बिघडून राहिलं." मी ऐकलं नाही. मग जांभई देताना जबडा अडकू लागला. जिभेच्या कडेला एक पांढरट चट्टा दिसला, त्याच्या मधोमध लालसर खळगा.

मी डॉक्टरकडे गेलो नाही. ग्रुपवर गेलो. "माझ्या एका मित्राला असा त्रास आहे," असं लिहून विचारलं. तासाभरात उत्तरांचा ढीग. हळद-मध लावा. गोमूत्राच्या गुळण्या करा. परदेशात एका फळाच्या पानांवर संशोधन झालंय, कॅन्सर मुळापासून जातो, पण औषध कंपन्या दाबून ठेवतात. हा शेवटचा मजकूर ओळखीचा वाटला. नीट पाहिलं तर खाली शेरा होता, "प्रत्येकाने वाचावे व इतरांस पाठवावे." शेरा माझा. मीच पूर्वी कधीतरी पाठवलेला मजकूर फिरून फिरून माझ्याकडे आला होता. खरा की खोटा, हे मी तेव्हाही पाहिलं नव्हतं.

तरी मी ती पानं मागवली. उकळून प्यायलो. त्यात दोन महिन्यांच्या वर गेले. ज्याला हे वाचून एकच गोष्ट घ्यायची असेल त्याने ही घ्यावी: चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही तर माणसाला दाखवा, मोबाईलला नाही.

शेवटी मालतीने ऑटो बोलावला आणि मला धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाला." दीड बोट गेलं. दुसरं दातांवर अडकलं. मी जोर लावला.

"राहू द्या. खर्रा किती?"

"कधीमधी," मी म्हणालो.

"कधीमधी?" मालती खुर्चीतून अर्धी उठली. "उठल्याबरोबर पुडी लागते यायले. दात घासाच्या आधी! रात्री उशीखाली ठेवून झोपतेत."

डॉक्टर हसले नाहीत. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी कागदावर जिभेचं चित्र काढलं आणि पेनाने एक भाग वेगळा केला. एवढा काढावा लागेल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, नंतर रेडिएशन. "बोलता येईल, पण आजच्यासारखं नाही. अनोळखी माणसाला समजायला वेळ लागेल."

मालतीने विचारलं, "जेवता येईन ना जी?" मला एकदम मधुभाऊ आठवले. शस्त्रक्रियेला जेमतेम दोन आठवडे होते. तेवढेच दिवस माझी जीभ माझी होती.

मधुभाऊंची गोष्ट

मधुभाऊंचं मेडिकल स्टोअर आमच्या ले-आउटच्या कोपऱ्यावर होतं. रात्रीबेरात्री उठून क्रोसिन देणारा माणूस. आमच्यात वैर नव्हतं, हे मुद्दाम लिहितो. वैर असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

चट्टा दिसण्याच्या आधीच्या एका सकाळी पेपरात बातमी होती: शहराच्या आमच्या बाजूच्या एका मेडिकल दुकानातून पोरांना गुंगीच्या गोळ्या विकताना पकडलं. दुकानाचं नाव दिलं नव्हतं. मधुभाऊंच्या दुकानासमोर संध्याकाळी मोटरसायकलवाली पोरं उभी राहायची, ते मी बाल्कनीतून पाहत होतो. दोन्ही गोष्टी डोक्यात जोडल्या गेल्या. फोटो काढला, लाल गोल केला आणि खाली लिहिलं:

"आपल्याच ले-आउटच्या तोंडाशी हा धंदा चालतो. कोण, ते सुज्ञांस सांगणे न लगे."

नाव लिहिलं नाही. ही ऑफिसातली सवय. नाव न घेता असा शेरा मारायचा की वाचणाऱ्याला नाव कळावं आणि उद्या विचारलं तर आपण म्हणावं, मी कुठे नाव घेतलं? आमच्या ले-आउटच्या तोंडाशी मेडिकल एकच होतं.

लोक सुज्ञ निघाले. दुपारपर्यंत खाली मधुभाऊंचं नाव आलं, दुकानाचा फोटो आला. दोन दिवसांत पोलीस तपासणीला आले. मधुभाऊंना चौकीवर बसवून ठेवलं. काही सापडलं नाही, सगळ्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकलेल्या होत्या. त्यांना सोडलं, पण दुकानाला नाव पडलं ते पडलंच. नशेवालं मेडिकल.

आता जे तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्या पकडलेल्या दुकानाचा पत्ता आला होता. ते दुकान आमच्या इथलं नव्हतंच, रिंग रोडच्या पलीकडचं होतं. मी ती बातमी वाचली. चहा घेत वाचली. तिचा फोटो मी काढला नाही. ग्रुपवर तोवर दीडशे लोकांनी मला शाबासकी दिली होती.

मधुभाऊंनी त्यानंतर कडक वेदनाशामक गोळ्या ठेवणंच बंद केलं. आमच्या मागच्या गल्लीत लीलाबाई राहायच्या. त्यांचा कॅन्सर हाडांत गेला होता आणि त्यांचा मुलगा मधुभाऊंकडूनच गोळ्या न्यायचा. आता त्याला धंतोली गाठावी लागे. एका रविवारी त्यांच्या गोळ्या संपल्या आणि कुठे मिळाल्या नाहीत. दिवसभर त्या ओरडत होत्या. माझ्या बाल्कनीत ते स्पष्ट ऐकू येत होतं. मी आत गेलो, दार लावलं, टीव्हीचा आवाज वाढवला. मालती म्हणाली, "ऐकू येते मले. तुमाले नाई येत?"

लीलाबाई काही आठवड्यांनी गेल्या. मी तेरवीला जेवून आलो.

बोला ना

शस्त्रक्रियेआधीचे ते दिवस मी घरात येरझारा घातल्या. एक मन म्हणे, आता जा. दुसरं म्हणे, ॲडमिशनची तयारी पाहा. शेवटी माफी मोबाईलवर टाईप केली. चांगली लिहिली होती, माझी भाषा चांगली आहे. दुपारी दुकानात गर्दी नसते ते पाहून गेलो आणि फोन काउंटरवर त्यांच्यापुढे ठेवला.

"काय हाय हे, बडेबाबू?"

"वाचा ना जरा, मधुभाऊ."

त्यांनी फोनला हात लावला नाही. "तुमचं लिवणं वाचून झालं माह्यं, एक बार. लई लोकांनी वाचलं. आता वाचत नाई."

"तसं नाही हो..."

"मंग बोला ना जी. तोंड हाय ना तुमाले?"

त्यांना माझ्या आजाराचं माहीत नव्हतं. टोमणा साधाच होता. पण मी काउंटरवरचा फोन सरळ करत राहिलो. एवढ्यात एक बाई लहान मुलाच्या तापाचं औषध घ्यायला आली. मधुभाऊ तिच्याशी बोलू लागले. मी फोन उचलला, उगाच ओआरएसची पाकिटं घेतली आणि घरी आलो. घरी ओआरएस आधीच पडलेली होती.

"बोल्ले का?" मालतीने विचारलं. तोवर मी तिला सगळं सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशीच्या बातमीसकट.

"उद्या बोलतो."

"तुमचा उद्या मले माहीत हाय."

मुलगा पुण्याहून आला. त्याला माफीचं समजलं तेव्हा तो चिडला. "बाबा, आत्ता हे उकरायचं कारण काय? लेखी काही कबूल करू नका. उद्या बदनामीची केस टाकली तर?" मालती त्याला म्हणाली, "केस टाकली तं टाकली. यायची जीभ चालली, तुले कोर्टाचं पडून राहिलं." दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. माझ्या आजारपणात घरातलं पहिलं भांडण हे झालं. मी मधे पडू शकलो असतो. पडलो नाही. मला मुलाचं म्हणणं सोयीचं होतं.

ॲडमिशनच्या सकाळी ऑटो दुकानासमोरून गेला. शटर अर्धं वर होतं, मधुभाऊ वाकून झाडत होते. थांबवा म्हणायला एक शब्द लागला असता. ऑटो चौकात वळला.

वॉर्ड

वॉर्डातला दिवस असा. पहाटे तापमान. मग सिस्टर नाकातल्या नळीतून दूध नाहीतर डाळीचं पाणी मोठ्या सिरिंजने सोडायच्या. पोट भरायचं, तोंडाला पत्ता नसायचा. घशातली लाळ मशीनने ओढून काढायची, त्या आवाजाने शेजारचा यवतमाळचा रुग्ण दचकायचा. त्याचंही तोंडच होतं, त्याचाही खर्रा. बोलायला मला पाटी दिली होती. तिच्यावर मी "पाणी", "उशी", "मालती कुठे" एवढंच लिहायचो. ज्या माणसाने शेऱ्यांशिवाय कागद सोडला नाही त्याला आता एवढंच लिहायचं होतं.

वेदना वाढली की सिस्टर इंजेक्शन आणायच्या. पहिल्या वेळी मी हात मागे घेतला. पाटीवर लिहिलं, "मॉर्फिन? सवय लागेल." संध्याकाळी डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसले. म्हणाले, "काका, दुखण्यासाठी सांगितलेल्या मात्रेत, देखरेखीखाली घ्यायचं आणि हळूहळू कमी करून थांबवायचं. तो माझा भाग. न घेता तळमळत राहिलात तर जखम भरायला उशीर होतो." इंजेक्शन घेतलं. थोड्या वेळाने दुखणं खोलीच्या बाहेर जाऊन उभं राहिल्यासारखं झालं. मी झोपलो. इतकी साधी दया. लीलाबाईंना त्या रविवारी हीच हवी होती.

रेडिएशनचं सगळ्यांत अवघड काय, ते कुणी आधी सांगत नाही. चेहऱ्यावर प्लास्टिकची जाळी घट्ट बसवतात आणि ती टेबलाला अडकवतात. हलायचं नाही. मशीन फिरतं, खोलीत कुणी नसतं. माझ्यासारख्या चुळबुळ्या माणसाला ती काही मिनिटं फार लांब होती. मी मनात मधुभाऊंशी बोलायचो. तिथे माझे सगळे उच्चार स्पष्ट असायचे.

रेडिएशनच्या शेवटाकडे तोंड आतून सोलून निघालं. मी घरी होतो. हॉस्पिटलमधून दिलेल्या गोळ्या संपत आल्यात हे माझ्या लक्षातच आलं नाही, आणि संपल्या त्या दिवशी सुट्टी. मी भिंतीला डोकं टेकवून बसलो. तोंडातून निघत होतं ते ओरडणंही नव्हतं.

मालती चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावर धावली. काय झालं ते तिने नंतर सांगितलं. मधुभाऊंनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, ह्या गोळ्या मी ठेवणं बंद केलं. काहून, ते बडेबाबूले इचारा."

"ते इचाराच्या हालतीत नाई जी, भाऊ," ती म्हणाली आणि रडली.

मधुभाऊंनी शटर ओढलं, चिठ्ठी खिशात घातली, स्कूटर काढली. मी पलंगावरून स्कूटर परत आल्याचं ऐकलं. फाटकाशी त्यांचा आवाज आला, "घ्या. सकाळ-संध्याकाळ, चिठ्ठीवर हाय तसंच. अन् ग्रुपवर टाकू नका म्हना."

ते आत आले नाहीत. मला उठता आलं नाही.

त्यानंतर

मी बरा होत असताना मधुभाऊंनी दुकान विकलं आणि काटोलला भावाकडे गेले. धंदा आधीच बसला होता. नवा मालक चांगला आहे. त्याच्याकडेही त्या गोळ्या नाहीत.

आवाज थोडा परत आला. स्पीच थेरपीच्या बाई रोज जिभेचे व्यायाम करून घेत. मालतीला आता माझं सगळं समजतं, नातीला बरंचसं. भाजीवाल्याला बोटाने दाखवावं लागतं.

मग एके सकाळी मी ग्रुपवर खरं लिहिलं. ती बातमी मधुभाऊंच्या दुकानाची नव्हती, मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं, मी गप्प बसलो. मुलाला न विचारता लिहिलं. लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली, "ग्रेट काका" म्हणाले. एकाने विचारलं, "कोण मधुभाऊ?" त्याच्याखाली कुणीतरी ॲसिडिटीवर घरगुती उपाय विचारला आणि चर्चा तिकडे गेली. मधुभाऊ त्या ग्रुपात कधीच नव्हते; तेव्हाचा शेराही त्यांना दुसऱ्या कुणी दाखवला असणार. मी ॲडमिनपद सोडलं.

पण ते म्हणाले होते, बोला. लिहिलेलं वाचणार नाहीत, हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं होतं. म्हणून मागच्या महिन्यात एका दुपारी मी फोन लावला. आधी पाणी प्यायलो, व्यायाम केले, वाक्य चारदा म्हणून पाहिलं. मालती समोर बसली होती.

"हॅलो, कोन?"

आवाज तोच. मी बोलायला लागलो आणि घाबरल्यामुळे जे थोडं सुधारलं होतं तेही गेलं. तोंडात लाळ भरली. माझं मलाच ऐकू येत होतं, सगळे शब्द एकमेकांत कालवलेले.

"कोन बे? हॅलो? काय बोलून राहिला?"

मी पुन्हा सुरुवात केली. नाव घेतलं त्यांचं. ते त्यांना कळलं नाही.

तिकडे कुणीतरी विचारलं, कोणाचा आहे? मधुभाऊ फोन थोडा दूर धरून म्हणाले, "असन कोनी बेवडा. भर दुपारी पिऊन फोन लावून राहिला." मग मला, शांतपणे, जवळजवळ प्रेमाने म्हणाले, "बाबू, घरी जा. पोरंबाळं वाट पाहत असतीन." आणि फोन ठेवला.

मालतीने हात पुढे केला. "द्या इकडं. मी सांगते त्यायले, तुमी हाव म्हणून."

मी फोन दिला नाही.

"मंग काटोलले जाऊ. बसनं कितीकसा वेळ लागते?"

जाता येईल. मला माहीत आहे काय होईल तेही. ते माझी मान पाहतील, वाकडा झालेला गाल पाहतील आणि मी तोंड उघडण्याआधी म्हणतील, राहू द्या बडेबाबू, बसा, पाणी घ्या. माझ्या चेहऱ्याकडे पाहून मला सोडून देतील. तशी माफी मला नको आहे. हीसुद्धा एक सबबच आहे, आणि मालतीने ती ओळखली आहे. काटोलची बस रोज सुटते. मी अजून गेलेलो नाही.

बोलायचं होतं ते एवढंच. मधुभाऊ, ती बातमी तुमची नव्हती. मला माहीत होतं. तरी मी गप्प बसलो, तेव्हा माझी जीभ शाबूत होती. माझं चुकलं.